एकच पॉलिसी नंबर विमा ब्रोकिंग सॉफ्टवेअरमध्ये दोनदा दिसतोय, एक एंट्री उडवू का?

उडवू नका, थांबा. डेटा एक्सेलमधून चढवलाय का? एक्सेल 15 आकड्यांपुढचं सगळं शून्य करतं, त्यामुळे लांबलचक नंबर शेवटी वेगळे असले तरी सारखेच दिसतात. सोलापुरात आमच्याकडे एका चादर कारखान्याच्या दोन शेडच्या फायर पॉलिसी अशाच एक झाल्या होत्या. शेवटी कागद काढून नंबरावर बोट ठेवत जुळवत बसलो. कॉलम आधी टेक्स्ट करा, मगच नंबर भरा. गेलेले आकडे परत येत नाहीत, मूळ फाईलच पुन्हा मागवा.

नंबर खरंच एक असेल, तर बहुतेक रिन्यूअल किंवा एंडोर्समेंट (चालू पॉलिसीतला बदल) असतं. म्हणून नुसत्या नंबरावर युनिकची (तोच नंबर दोनदा न घेण्याची) अट नकोच. विमा कंपनी, नंबर, सुरुवातीची तारीख आणि एंडोर्समेंट नंबर मिळून लावा.