चिंगीच्या रक्ताचा प्रश्न : स्टिरॉइड द्यायचं का, आणि कुठवर झटायचं?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही कराडला राहतो. आमची चिंगी कॉकर स्पॅनियल आहे, 6 वर्षांची, वजन 11 किलो. मागच्या आठवड्यात अचानक जेवण सोडलं, जिना चढताना मधेच बसायला लागली आणि लघवी एकदम चहासारखी झाली. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा) 14 आलाय, म्हणाले तिच्या शरीराचीच प्रतिकारशक्ती तिच्या तांबड्या पेशी फोडतेय, ऑटोइम्यून आहे. स्टिरॉइड सुरू केलंय, रक्त चढवावं लागेल असंही म्हणालेत. आत्तापर्यंत 30 हजार गेले. नणंद म्हणते स्टिरॉइड म्हणजे विष, आयुर्वेदिक करा. मिस्टर म्हणतात तिचे हाल होत असतील तर इंजेक्शन देऊन सोडवूया. सासूबाई बीट आणि कलेजीचं सूप देतायत रक्त वाढावं म्हणून, आणि रडतायत, कारण त्या तिला रोज आपल्या ताटातली भाजी-भाकरी द्यायच्या, त्यानेच झालं का असं त्यांना वाटतंय. मला काहीच सुचत नाहीये, काय करू?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांच्या प्रश्नाचं बोलते कारण तोच सगळ्यात मोठा आहे. आज तो निर्णय घेऊ नका. या आजारात पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात आणि स्टिरॉइडचा परिणाम दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे आत्ता जी चिंगी तुम्हाला दिसतेय ती औषध लागू पडायच्या आधीची चिंगी आहे. यातले बरेच कुत्रे वाचत नाहीत हे खरं आहे, ते मी लपवणार नाही, पण जे पहिले दोन आठवडे काढतात त्यातले खूपसे पुढे कित्येक वर्षं छान जगतात.

आता स्टिरॉइड. नणंदबाईंची भीती मला कळते, पण इथे आग लावतेय ती प्रतिकारशक्तीच आणि तिला लवकर आवरणारं याच्याइतकं खात्रीचं दुसरं औषध नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरुवातीला किलोमागे रोज 2 मिलिग्रॅमच्या आसपास देतात, म्हणजे चिंगीला साधारण 22. ती घटाघटा पाणी पिईल, घरात लघवी करेल, सारखी खायला मागेल, धापा टाकेल, पोट सुटेल, पाठीवरचं मांस उतरेल. हे सगळं होणार हे धरूनच चाला, तिला रागवू नका, पाण्याचं भांडं अजिबात उचलू नका आणि रात्री एकदा बाहेर न्या. डोस कमी झाला की बहुतेक सगळं परत जागेवर येतं. मात्र गोळ्या मनाने एका दिवसात बंद करायच्या नाहीत म्हणजे नाहीत, पीसीव्ही 30 च्या वर जाऊन दोन आठवडे तिथेच टिकला की मग साधारण पाव हिश्शाने डोस उतरवतात, मग दर 3 आठवड्यांनी अजून थोडा, असे कमीत कमी 3 ते 6 महिने जातात. तब्येत सुधारल्यासारखी वाटली म्हणून लोक मधेच गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो, फार वाईट वाटतं तेव्हा. आणि यासोबत मेलोक्सिकॅमसारखी दुखण्याची गोळी चुकूनही नको, आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. काढे-चूर्णंही आत्ता नकोत, त्यातलं काय या औषधांशी भांडेल ते सांगता येत नाही.

सासूबाईंना माझ्याकडून सांगा की हे त्यांच्यामुळे झालेलं नाही, कॉकरमध्ये हा आजार मुळातच जास्त दिसतो आणि बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. भाजीत कांदा-लसूण असायचा तर तेवढं डॉक्टरांना सांगून ठेवा. कांद्यानेही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात पण तो प्रकार वेगळा, रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की ओळखू येतो. इथून पुढे मात्र फोडणीचं काही नाही, उकडलेलं चिकन आणि भात, मीठ-मसाल्याशिवाय. बीट आणि कलेजीने काही साधणार नाही, तिचं शरीर रक्त बनवतंय हो, बनलेलं फुटतंय ही अडचण आहे.

डॉक्टरांना उद्याच एक विचारा, गोचीड तापाची तपासणी झाली का? आपल्याकडे बबेसिया आणि एहर्लिकिया हे गोचिडातून येणारे जंतू इतके आहेत की त्यांच्यामुळेही हुबेहूब असंच चित्र दिसतं, आणि मग स्टिरॉइडच्या जोडीला त्या जंतूंचं औषध दिल्याशिवाय कुत्रं सावरत नाही. माझं तर ठाम मत आहे की महाराष्ट्रात गोचीड तापाची पीसीआर तपासणी (रक्तात या जंतूंचा डीएनए शोधणारी) केल्याशिवाय नुसतं ऑटोइम्यून म्हणून थांबू नये. रिपोर्ट यायला वेळ लागत असेल तर तोवर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक बरेच डॉक्टर सुरू करतातच. दुसरं विचारायचं ते रक्ताच्या गुठळीचं. या आजारात कुत्री जातात ती नुसतं रक्त कमी झालं म्हणून नाही, बऱ्याचदा फुप्फुसात गुठळी अडकून जातात, म्हणून क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी रोखणारी गोळी चालू आहे का हे बघा. तिसरं, एकट्या स्टिरॉइडने भागत नसेल तर अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडायचं का. अझाथायोप्रिन हळू चढतं, त्याला आठवडा-दोन आठवडे द्यावे लागतात आणि लिव्हर व पांढऱ्या पेशी तपासत राहावं लागतं. गोळी हातमोजे घालून द्या, मोडू नका.

रक्त चढवण्याबद्दल. त्याने आजार बरा होत नाही, औषध लागू पडेपर्यंतचा वेळ मिळतो, आणि 14 ला ती निपचित पडून असेल, श्वास जोरात असेल तर तो वेळ लागतोच. नुसत्या आकड्यावर ठरवत नाहीत, कुत्रं कसं आहे ते बघतात. माणसाचं रक्त चालत नाही, कुत्र्याचंच लागतं, डोनर 25 किलोच्या वरचा, 1 ते 8 वर्षांचा, लसीकरण झालेला आणि गोचीड तापाची तपासणी केलेला. गावातल्या लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्डवाल्यांना आजच फोन करून ठेवा, ऐन वेळी शोधाशोध नको. रक्त देण्याआधी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ती तपासणी, करून घ्या. तुमच्यापासून शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय त्या मानाने जवळ आहे, तिकडे रेफर करता येईल का हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

पैशाचं मोकळेपणाने बोला, त्यात लाज कसली. यातली मुख्य औषधं, म्हणजे प्रेडनिसोलोन, क्लोपिडोग्रेल, अझाथायोप्रिन, स्वस्तच असतात, पीसीव्हीलाही थोडंसंच रक्त आणि थोडेच पैसे लागतात. खर्च होतो तो ॲडमिट ठेवण्यात आणि पुन्हा पुन्हा रक्त देण्यात. डॉक्टरांना सरळ म्हणा, आमच्याकडे एवढे आहेत, यातलं काय सोडता येणारच नाही ते सांगा. चांगला डॉक्टर त्यात बसणारा मार्ग काढतो.

घरी रोज दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, तिचा वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी, कागदासारखी पांढरी किंवा पिवळसर नको. झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजा, 30 च्या आत असावी. लघवी पांढऱ्या टिश्यूवर टिपून रंग बघा. हे तिन्ही वहीत लिहा, पीसीव्हीचे आकडेही. अचानक धाप लागली, किंवा मागचा पाय गार पडून लुळा झाला तर रात्र असली तरी लगेच न्या.

आणि कधी थांबायचं? दोन प्रकारची औषधं पुरेसे दिवस देऊन, रक्त देऊनही आकडा घसरतच राहिला, किंवा गुठळीमुळे श्वासच पुरेना, मान उचलेना, तुमच्या आवाजाला शेपूट हलेना, तेव्हा मिस्टर म्हणतात ते बरोबर असेल आणि तेव्हा मी स्वतः तुम्हाला थांबा म्हणेन. ही खूण आत्ताच, सगळे शांत असताना, घरात एकत्र बसून ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रात्री 2 वाजता दवाखान्यात उभं राहून असले निर्णय घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : आमचा देशी कुत्रा याच आजारातून वर्षापूर्वी बरा झालाय, गोळ्याही सगळ्या बंद. आता लसी द्यायच्या का? शेजारचे म्हणतात लसीनेच परत होईल. (सातारा)

उत्तर : लसीमुळे हा आजार होतो याचा पक्का पुरावा नाहीये, पण सावध राहायला हरकत नाही. रेबीजची चुकवू नका, आपल्याकडे तो धोका घेण्यासारखा नाही. बाकीच्यांची खरंच गरज आहे का हे डॉक्टरांसोबत बघा, आणि सगळ्या एकाच दिवशी देऊ नका. लस दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकदा पीसीव्ही करून घ्या. गोचिडाची गोळी मात्र बाराही महिने चालू ठेवा, फक्त पावसाळ्यात देऊन भागत नाही, भिंतीच्या फटीत आणि खाटेखाली गोचीड वर्षभर राहतं.