जुनी फॅमिली हॅचबॅक घ्यायची आहे, पण चालवायलाही मजा यावी. कोणती घ्यावी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की दोन लहान मुलं आहेत, त्यातल्या एकाला अजून चाइल्ड सीट लागते, गाडी सेकंडहँडच घ्यायची आहे, आणि मित्रांचं म्हणणं असं की 'मजा हवी तर टर्बोच घे, बाकी सगळ्या बैलगाड्या'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. (टर्बो म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा.) हा वाद मी फार वर्षं घालतोय. तेव्हा उत्तर तुम्हाला कमी आणि तुमच्या मित्रांना जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

उदाहरणादाखल फोक्सवॅगनची १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय बघा. जिच्यामुळे 'हॉट हॅच' (चपळ, दमदार हॅचबॅक) हा शब्द रुळला, तिचं इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० हॉर्सपॉवर. आज एक लिटरची तीन सिलिंडरची टर्बो हॅचबॅकही तेवढी ताकद देते आणि तिच्यावर कुणी कविता करत नाही. फरक वजनात आहे. ती गोल्फ साधारण ८१० किलोची होती, आजच्या गाड्या हजार-बाराशेच्या घरात आहेत. दुसरं उदाहरण १९९८ च्या फोर्ड फोकसचं. तिच्या मागच्या चाकांना फोर्डने मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र धरलेलं) दिलं, त्याला ते 'कंट्रोल ब्लेड' म्हणत. ७५ हॉर्सपॉवरच्या सगळ्यात अशक्त फोकसलाही तेच सस्पेन्शन होतं, आणि वळणावर तीही तितकीच गोड चालायची. मजा बॉनेटखाली कमी आणि चारही चाकांच्या आसपास जास्त असते.

आता जुन्या गाडीचं दुखणं. नीट निगा राखलेलं पेट्रोल इंजिन दोन लाख किलोमीटर सहज काढतं. रबर काढत नाही, आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले 'बुश' रबराचेच असतात. ८० हजार ते एक लाखाच्या दरम्यान शॉकअप, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, टॉप माउंट (शॉकअपचा वरचा आधार), लिंक रॉड (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा जोड) आणि मागच्या बीमचे (आडव्या तुळईचे) बुश हे सगळे हळूहळू मरतात. हळूहळू मरतात म्हणून मालकाला कळतच नाही. गिऱ्हाईक येतं, दहा मिनिटं चालवतं आणि 'या मॉडेलमध्ये काही दम नाही' म्हणून निघून जातं. मॉडेल चांगलं असतं, बुश मेलेले असतात. म्हणून 'कोणती गाडी' याच्या आधी 'कुठल्या अवस्थेतली गाडी' हे बघायला शिका.

इंजिन थंड असतानाच जा. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता.

गाडी उभी, इंजिन चालू, खिडक्या खाली. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधेच 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला आणि स्टीअरिंगने हाताला हलकासा झटका दिला, तर टॉप माउंटचं बेअरिंग अडकलंय. मग एखाद्या मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. लयीत 'टक-टक-टक' आलं की सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद वळत्या चाकाला पोचवणारा सांधा) गेला.

पुढे २० च्या वेगाने खराब रस्ता. लहान लहान खड्ड्यांवर हलकी कटकट येत असेल तर बहुतेक लिंक रॉड, तो स्वस्तातला भाग आहे, घाबरू नका. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकदाच जाड 'ठक्' येत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश किंवा बॉल जॉइंट. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन बसली पाहिजे. दुसऱ्यांदा डुलली तर शॉकअप गेले. खाली वाकून शॉकअपची नळी बघा: नुसता ओलसर धुळकट थर चालतो, तेलाचे ओघळ चालत नाहीत.

मग सरळ, रिकामा रस्ता आणि ६० चा वेग. स्टीअरिंग अगदी सैल धरा, सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर सगळे 'अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या' म्हणतात. त्याआधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघायचे (एका दिशेचे टायर असतील तर हा प्रयोग जमत नाही). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचाच. मागे कुणी नाही हे बघून जोरात ब्रेक मारा. नाक एकीकडे गेलं तर दोन संशयित: फाटलेला बुश किंवा अडकलेला कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा ब्रेकचा चिमटा). फेरी संपल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, डिस्कला लावू मात्र नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलं असेल तर कॅलिपर. वेगातून ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क. ब्रेक न मारताच ९०-१०० ला थरथरलं तर बहुधा बॅलन्सिंग, पण रिमला मार बसलाय का तेही बघा.

शेवटी वळण, आणि खरी परीक्षा तीच. समोरचं सगळं दिसेल असं एक लांब वळण पकडा, वेग बेताचा आणि एकसारखा ठेवा, आणि मध्यावर अॅक्सिलरेटर किंचित सोडा. धडधाकट हॅचबॅकचं नाक आपणहून थोडं आत येतं आणि स्टीअरिंगमधून ते जाणवतं. बुश मेलेल्या गाडीत आधी अंग कलतं, मग क्षणभर काहीच होत नाही, मग मागची बाजू उशिरा येऊन मिळते. हा उशीर एकदा ओळखता आला की नंतर कुठल्याही गाडीत पाच मिनिटांत सापडतो.

टायरवर वेळ घालवा. बाजूच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसते पण रबर आठ वर्षांचं असेल तर ओल्या रस्त्यावर तो टायर नसल्यात जमा. चार चाकांना चार कंपन्यांचे टायर असतील तर मालकाने बाकी गाडीकडेही त्याच मायेने बघितलंय असं समजा. फक्त आतली कड झिजलेली असेल तर अलाइनमेंट किंवा बुश. आधीच्या मालकाने १५ च्या जागी १७ इंचाचे रिम चढवले असतील तर ती 'स्पोर्टी' नाही, जड चाकांची गाडी झालीय. कापलेल्या स्प्रिंग दिसल्या तर आभार मानून निघा.

दुरुस्तीचा क्रम लक्षात ठेवा: आधी बुश आणि शॉकअप, मग टायर, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. शॉकअप नेहमी जोडीने बदला, आणि बंप स्टॉप, डस्ट कव्हर, टॉप माउंट त्याच वेळी टाका, कारण मजुरी एकच. एक चूक जवळजवळ सगळीकडे होते. बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट चाक हवेत लटकत असतानाच पूर्ण आवळतात. गाडी खाली टेकली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं. मग 'लोकल पार्ट होता' म्हणून पार्टला शिव्या. साधा रबरी बुश असेल तर शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच झालं पाहिजे. समोर उभं राहून बघा.

इंजिन-गिअरबॉक्सचं थोडक्यात. ऑटोमॅटिक हवीच असेल तर ड्राय (तेलात न बुडालेल्या) क्लचवाल्या ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्सपासून सावध. फोक्सवॅगनचा सात गिअरचा डीक्यू२०० आणि फोर्डचा ड्राय क्लचवाला पॉवरशिफ्ट, दोघांनीही लोकांना भरपूर रडवलंय. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना धक्के जाणवले तर पुढे बोलणीच नकोत. फोक्सवॅगनचा सहा गिअरचा वेट (तेलात बुडालेला) क्लच, म्हणजे डीक्यू२५०, जास्त टिकाऊ, पण दर ६० हजारांना त्याचं तेल बदलल्याचा पुरावा मागा. टर्बोप्रेमींनो, आता ऐका: फोर्डचं सुरुवातीचं एक लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्यूरटेक यांत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) इंजिन ऑइलमध्ये बुडालेला फिरतो. ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा चुकीच्या ग्रेडचं टाकलं की बेल्टचं रबर सुटतं, चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, आणि पुढे काय झालं ते इंजिन खोलल्यावरच दिसतं. या गाड्या वाईट नाहीत, पण ऑइल बदलाच्या पूर्ण नोंदीशिवाय घेऊ नका. मॅन्युअलमध्ये क्लच तपासायला चौथ्या गिअरमध्ये ५० च्या आसपास अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम पळाले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली.

छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावा. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, 'रेडिनेस मॉनिटर' (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून लेबलवरचं वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळवा; जुळलं नाही तर ते बहुधा अपघातानंतर बदललेत. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, ओल लागली तर मागच्या लाइटचं किंवा दरवाज्याचं सील गेलंय, नाहीतर मागून ठोकलेली गाडी आहे.

घरच्यांच्या सोयीचं: डिकीचे लिटर वाचू नका, बाबागाडी घडी करून सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. चाइल्ड सीटही न्या. मागे तोंड असलेली सीट बसवली की पुढची सीट किती पुढे येते, आणि मग पुढे बसणाऱ्याचे गुडघे कुठे जातात, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) हुक गादीत इतके खोल असतात की काही गाड्यांत रोज बोटं सोलून निघतात. घरच्यांच्या सोयीच्या बाबतीत होंडा जॅझला तोड नाही. इंधनाची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागची बैठक वर उचलता येते आणि उंच सामान उभं राहतं. वळणावर मात्र ती माझ्या मते जेमतेम आहे.

बरं, नावं. लहान आकारात फोर्ड फिएस्टा माझी पहिली पसंती, मग सुझुकी स्विफ्ट, मग पोलो. फिएस्टाची मागची सीट तंग आहे, हे मान्य. मोठ्यात फोकस किंवा माझदा ३. पण नुसतं नाव वाचून घेऊ नका. सातव्या पिढीच्या गोल्फमध्ये कमी ताकदीच्या इंजिनांना मागे टॉर्शन बीम आहे, जास्त ताकदीच्यांना मल्टिलिंक. २०१८ च्या फोकसमध्येही असाच प्रकार. माझदाने २०१९ च्या ३ मध्ये मल्टिलिंक सोडून टॉर्शन बीम घेतला. खाली वाकून बघा: दोन चाकांना जोडणारा एकच जाड आडवा बीम दिसला तर टॉर्शन. आणि तो दिसला म्हणून नाक मुरडू नका, फिएस्टा एसटी टॉर्शन बीमवरच नाचते. तिथे ट्यूनिंग चांगलं आहे, एवढंच.

काही गोष्टी राहिल्या. ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नसलेली गाडी मुलांसाठी घेऊ नका, इथे माझी काही तडजोड नाही. रोजचं अंतर पाच-सात किलोमीटरचं असेल तर डीपीएफवालं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) डिझेलही नको, फिल्टर जळून साफ व्हायला जी उष्णता लागते ती तेवढ्यात तयारच होत नाही. किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या महिन्याच्या बुश-टायरसाठी बाजूला ठेवा. मॉडेलची इंजिनं आणि सस्पेन्शन देशागणिक बदलतात, तेव्हा चॅसी नंबरवरून नक्की काय आहे ते काढा.

आणि हो, टर्बोबद्दल एक कबुली. चार माणसं आणि सामान म्हणजे साधारण ३०० किलो. १०५० किलोच्या ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीला तेवढं वजन चढवलं की टनामागे जेमतेम ६३ हॉर्सपॉवर उरते, आणि घाटात दुसऱ्या गिअरशिवाय पर्याय राहत नाही. तिथे लहान टर्बोचा खालच्या आरपीएमचा टॉर्क खरंच उपयोगी पडतो. तुमचे मित्र एवढ्यापुरते बरोबर आहेत. पण हे त्यांना लगेच सांगू नका. आधी बुश, शॉकअप आणि टायर नवे केलेल्या साध्या नॉन-टर्बोचं स्टीअरिंग त्यांच्या हातात द्या, आणि बॉनेटखाली काय आहे ते तीन-चार वळणं झाल्यावर सांगा.