चालणं झकास, पण उठताना हात टेकावा लागतो

प्रश्न : माझे बाबा ७२ वर्षांचे आहेत. रोज तासभर फिरायला जातात, बीपी-शुगर नॉर्मल. पण हल्ली सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकवतात, विचारलं तर म्हणतात 'वय झालं आता, त्यात काय'. पायात ताकद किती राहिलीय हे घरच्या घरी बघता येतं का?

उत्तर : येतं की. आधी हे चालण्याचं बघू, कारण बरेच जण तिथेच फसतात. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना मांड्यांना फार जोर लागत नाही, खुर्चीतून उठताना मात्र जवळजवळ अख्ख्या अंगाचं वजन त्यांनाच उचलायचं असतं, त्यामुळे तासभर चालणारा माणूसही उठताना हात टेकवतो, यात नवल काही नाही.

तर सोफा बाद, तो मऊ आणि खोल असतो, त्यातून उठायला तरुणांनाही कष्ट पडतात. साधी, बिनहाताची, साधारण ४३ सेंमी उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. बाबांना मध्यभागी बसवा, पाय जमिनीवर, हात छातीवर क्रॉस. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून परत बसणं असं किती वेळा होतं ते मोजा. वेळ संपताना अर्ध्याच्या वर उठलेले असतील तर तेही धरायचं. ७० ते ७४ वयात पुरुषांचे १२ पेक्षा कमी आणि बायकांचे १० पेक्षा कमी झाले तर ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. हात टेकवावाच लागला तर स्कोअर शून्य! ऐकायला कठोर वाटतं, पण हात लागला की पायांची ताकद मोजलीच जात नाही ना.

दुसरी टेस्ट, खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोजच्याच चपला-बूट, रोजचाच वेग, शर्यत नाही. काठी वापरत असतील तर घेऊ द्या. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मी तर घड्याळापेक्षा वळणाकडे जास्त बघते, वळताना बारीक बारीक पावलं पडतायत का, टेबल पकडावंसं वाटतंय का, तिथेच खरं काय ते कळतं. बॅलन्ससाठी एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून उभं राहायचं, १० सेकंद जमलं पाहिजे. तुम्ही बाजूलाच उभे राहा, हात लगेच धरता येईल इतक्या जवळ.

ते जमिनीवर बसून हात न टेकता उठायचे व्हिडिओ फिरतात ना, ते बाबांना करायला लावू नका. गुडघे दुखत असतील तर नसता ताप. छातीत दुखणं, चक्कर, नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर यातलं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आकडा कमी आला म्हणून घाबरू नका. हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा, तेवढ्यावरून उठायचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा, जमलं की उशी काढा. दोन महिन्यांनी तीच खुर्ची, तीच वेळ, परत मोजा. एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर सोडून द्या, पण अचानक घसरला किंवा मधे कधी पडले असतील तर डॉक्टरांना सांगाच. आणि बाबा तयार होत नसतील तर आधी तुम्ही करा, मोजायला त्यांना बसवा. तुमचा स्कोअर बघून ते स्वतःच उठतील!