पावतीवर तिसरा जॉर्ज, टेबलात सातवा एडवर्ड

प्रश्न : आम्ही वीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मला जुन्या इंग्लिश फर्निचरचं वेड आहे. चौदा महिन्यांपूर्वी एका लिलावघरातून घरबसल्या बोली लावून टेबल घेतलं. कॅटलॉगमध्ये आणि पावतीवर ‘जॉर्ज तिसरा, सॅटिनवुड पेम्ब्रोक टेबल, सुमारे १७८५’ असं लिहिलंय, म्हणजे तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातलं, सॅटिनवुड या पिवळसर लाकडाचं. बोली ४,२०० पौंडांवर थांबली. वर लिलावघराचं २५ टक्के कमिशन (प्रीमियम) आणि त्यावरचा व्हॅट धरून ५,४६० पौंड भरले. परवा पॉलिशसाठी कारागीर बोलावला. तो म्हणाला, हे १९०० च्या आसपासचं, सातव्या एडवर्ड राजाच्या आगेमागचं आहे, फार तर ७०० पौंडांचं. जाता जाता ३०० ला घेतो असंही म्हणाला. लिलावघराचं म्हणणं, ‘हेतुपुरस्सर बनावट’ असेल तरच पैसे परत, तेही २१ दिवसांत. आता पैसे मिळतील का? नसतील तर त्याच वर्णनाने दुसरीकडे लिलावात टाकू का? की पुण्याला आईकडे पाठवून देऊ? खणाच्या किल्लीच्या छिद्राभोवती हस्तिदंती चकती आहे, तिची काही अडचण?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते. तो तुम्ही सहज विचारलाय, पण तोच सगळ्यात महागात पडेल. इंग्लंडच्या २००६ च्या फ्रॉड अ‍ॅक्टमध्ये खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान हा गुन्हा ठरायला ‘हे खोटं आहे’ अशी खात्री असावी लागत नाही. ‘हे खोटं असू शकतं’ हे माहीत असताना, अप्रामाणिकपणे, फायद्यासाठी विधान केलं की झालं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. कारागिराने तोंड उघडलं त्या दिवसापासून ‘सुमारे १७८५’ हे शब्द तुम्हाला निर्धास्तपणे वापरता येणार नाहीत. कालपर्यंत तुम्ही फसलेले ग्राहक होतात, उद्या तेच वर्णन पुढे रेटलंत तर फसवणारे ठराल. विकायचंच झालं तर कारागिराचं मत लिलावघराला लेखी कळवा आणि वर्णन त्यांना नव्याने लिहू द्या.

आता टेबलाकडे. कारागीर खरं बोलतोय का, हे ठरल्याशिवाय कायद्याचा एक शब्दही उपयोगाचा नाही. आणि जो माल खोटा म्हणतो तोच तो ३०० ला मागतो, तेव्हा मी तरी खुर्चीत सावरून बसते. त्याचं मत चुकीचं असेल असं नाही, पण कोर्टात ते कागदावर लागतं, आणि अशा माणसाकडून जो टेबल विकत घेऊ इच्छित नाही.

तोवर तुम्हीच टेबल उलटं करून बघा. पेम्ब्रोक म्हणजे दोन्ही बाजूंना खाली पडणाऱ्या फळ्यांचं छोटं टेबल. फळी उचलली की खालचा लाकडी हात बाहेर येऊन तिला टेकू देतो. दोनशे वर्षं हा हात फिरला असेल तर फळीच्या पोटावर त्याने घासल्याची कमान उमटलेली असते. पोट गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्याच रंगाचं असेल तर शंका घ्या. मग कडेला व्हिनिअरची, म्हणजे वर चिकटवलेल्या शोभेच्या लाकडाच्या पातळ थराची, जाडी पाहा. अठराव्या शतकात ते हाताने करवतून काढत, म्हणून दीड-दोन मिलिमीटर जाड आणि थोडं कमीजास्त. यंत्राने सोललेलं पुढच्या काळातलं व्हिनिअर बहुतेकदा मिलिमीटरच्याही आत आणि एकसारखं. कुठे गोल करवतीच्या कमानदार खुणा दिसल्या तर त्या एकोणिसाव्या शतकाकडे बोट दाखवतात. स्क्रूही काढून बघावेत. हाताने केलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट असतं आणि माथ्यावरची खाच बहुधा मधोमध नसते. टोकदार, एकसारखे स्क्रू १८५० च्या आगेमागे यंत्रावर निघू लागले. अर्थात स्क्रू कुणीही बदलतं. पण टोकदार स्क्रूच्या जागी दुसरं, जुनं छिद्र कुठेच नसेल तर तो स्क्रू पहिल्या दिवसापासूनचा समजायचा. एका खुणेवर निकाल देऊ नका, तीन-चार खुणा एकाच दिशेला गेल्या पाहिजेत. प्रत्येकीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि पॉलिश थांबवा! टेबलावरचा जुना थर हाच तुमचा पुरावा आहे.

१९०० चं म्हणजे कचरा असंही समजू नका. वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम इटलीहून १७५८ मध्ये परतला आणि हलकी, सरळ रेषांची, हार-कलशांची ही नवअभिजात शैली इंग्लंडमध्ये रुजवली. शंभर वर्षांनी इंग्रजांना तिचं पुन्हा वेड लागलं. राइट अँड मॅन्सफिल्ड या कंपनीचं सॅटिनवुडचं कपाट १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलं आणि आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. एडवर्ड्स अँड रॉबर्ट्स तर आपल्या मालावर राजरोस स्वतःचा शिक्का मारत. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. नेमकी हीच गोष्ट तुमच्या आड येते. ‘हेतुपुरस्सर बनावट’ या अटीत फसवण्याचा हेतू लागतो. प्रामाणिकपणे केलेली नक्कल तिच्यात बसत नाही. म्हणजे त्या अटीपुरतं लिलावघर बरोबर आहे. पण ती अट म्हणजे सगळा कायदा नव्हे.

तुमच्या बाजूचा कायदा म्हणजे १९७९ च्या सेल ऑफ गुड्स अ‍ॅक्टचं कलम १३ : वर्णनाने विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. विकणारा दुकानदार असो की घर रिकामं करणारी एखादी आजी, हे कलम दोघांनाही लागू होतं. ग्राहक म्हणून मिळणारे २०१५ च्या कायद्यातले जास्तीचे हक्क मात्र विसरा. ज्या लिलावाला लोकांना प्रत्यक्ष हजर राहता येतं, तिथे वापरलेली वस्तू घेणारा त्या कायद्यापुरता ग्राहक धरला जात नाही. तुम्ही सोफ्यावर बसून बोली लावलीत याने फरक पडत नाही, दार उघडं होतं का एवढंच पाहतात. म्हणून त्या दिवशी लिलाव हॉलमध्ये झाला होता की फक्त वेबसाइटवर, हे आधी मला कळवा. फक्त वेबसाइटवर झाला असेल आणि विकणारा व्यापारी असेल तर मी पुढचं सगळं वेगळं लिहीन.

ते म्हणतील, ‘सुमारे १७८५’ हे आमचं मत होतं. या मुद्द्यावर निकाल दोन्हीकडचे आहेत. हार्लिंग्डन अँड लेन्स्टर खटल्यात चित्र विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की या चित्रकर्तीच्या कामातलं मला कळत नाही, आणि घेणारे त्याच क्षेत्रातले जाणकार होते. चित्र खोटं निघालं तरी घेणारे हरले, कारण ते वर्णनावर विसंबलेच नव्हते. तुमचं उलट आहे. वर्णन लिहिणारा तज्ज्ञ, तुम्ही हौशी. म्हणून ‘मला वेड आहे’ हे वाक्य पत्रात लिहू नका. तुमच्याकडे कपाटभर पुस्तकं असतील तर समोरचा वकील ती मोजणारच. दुसरा खटला ख्रिस्टीज या बड्या लिलावघराचा. १९९४ मध्ये फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या काळातले म्हणून घेतलेले दोन कलश, किंमत साडेएकोणीस लाख पौंडांच्या घरात. ते नंतरचे असावेत म्हणून दावा झाला. खालच्या कोर्टाने शंका सांगायला हवी होती म्हटलं, २००५ मध्ये अपील कोर्टाने लिलावघराची बाजू घेतली. अर्थ एवढाच की लिलावघर प्रामाणिकपणे आणि पुरेशी काळजी घेऊन चुकलं असेल तर थेट त्याच्यावर जाणं अवघड. तुमचा करार खरं तर टेबलाच्या मूळ मालकाशी झालाय, लिलावघर त्याचा दलाल.

म्हणून पहिलं पत्र लिलावघरालाच, पण त्यात दोन मागण्या : मालकाचं नाव, आणि कलम १३ खाली भरपाई. ‘कोणत्याही वर्णनाची जबाबदारी नाही’ अशी त्यांची अट असली तरी १९७७ च्या अनफेअर काँट्रॅक्ट टर्म्स अ‍ॅक्टनुसार ती वाजवी आहे की नाही हे कोर्ट तपासतं, मालक खाजगी माणूस असला तरी. त्यांचे २१ दिवसही याच चाळणीतून जातील. घरी आणलेल्या टेबलाच्या पोटातले स्क्रू कोण तीन आठवड्यांत काढून बघतं, हा तुमचा युक्तिवाद.

टेबल परत करून पूर्ण पैसे घ्यायची वेळ मात्र गेली असं माझं मत. १९४४ मध्ये एकाने जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचं म्हणून ८५ पौंडांना चित्र घेतलं, पाच वर्षांनी विकायला नेल्यावर ते त्याचं नाही हे कळलं, आणि कोर्टाने सांगितलं की आता व्यवहार मोडता येणार नाही. चौदा महिने म्हणजे पाच वर्षं नव्हेत, पण घरात वापरलेलं टेबल ‘स्वीकारलं’ असंच धरलं जाईल. राहते नुकसानभरपाई : ताबा मिळाला त्या दिवशी वर्णनाप्रमाणे टेबल असतं तर त्याची किंमत, वजा प्रत्यक्ष टेबलाची किंमत. ५,४६० वजा ७०० असा सरळ हिशोब धरू नका. जुन्या तपकिरी फर्निचरचे भाव गेल्या वीसेक वर्षांत इतके पडलेत की खरं १७८५ चं टेबलही बाजारात कमी किमतीला निघू शकतं, आणि समोरचा नेमकं तेच दाखवेल. दोन्ही किमती तज्ज्ञाकडून लेखी घ्या. दावा १०,००० पौंडांच्या आत असल्याने स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सुनावणीत जाईल. तिथे जिंकलात तरी वकिलाची फी सहसा परत मिळत नाही आणि तज्ज्ञाचा खर्च ७५० पौंडांपर्यंतच मिळतो. त्यामुळे मला पैसे देऊन कोर्टात उभं करू नका, पत्र नीट लिहा. मुदत खरेदीपासून सहा वर्षं, घाई नाही. पण कॅटलॉगचं पान आजच उतरवून ठेवा, वेबसाइटवरून अशी पानं नाहीशी होतात.

आता ती चकती. आधी भिंगाखाली बघा. बारीक काळे ठिपके किंवा रेघा दिसल्या तर हाड. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. हस्तिदंत असेल तर २०१८ चा आयव्हरी अ‍ॅक्ट लागू. ३ मार्च १९४७ पूर्वीच्या वस्तूत, तिचाच भाग म्हणून, दहा टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असेल तर विक्रीला सूट आहे. टेबल १७८५ चं असो की १९०० चं, ही सूट मिळेल. पण प्रत्येक विक्रीआधी मालकाने नोंदणी करायची असते. हा कायदा जून २०२२ पासून लागू आहे, म्हणजे तुम्हाला विकतानाही नोंदणी व्हायला हवी होती. तिचा क्रमांक जरूर मागा. नोंदणी झालीच नव्हती असं निघालं तर ‘पैसे द्या, नाहीतर तक्रार करते’ असं मात्र चुकूनही लिहू नका. तक्रारीची धमकी देऊन पैसे मागितलेत तर ब्लॅकमेलच्या आरोपाला तुम्हीच निमंत्रण द्याल. तक्रार करायची तर करा, पैसे मागायचे तर मागा, दोन्ही एका पत्रात नकोत.

पुण्याला पाठवायचं तर त्याआधी चकतीचा निकाल लागला पाहिजे. भारतात हस्तिदंताची आयात बंद आहे आणि ‘आमच्या घरचं सामान आहे’ हे उत्तर कस्टम्सपुढे चालत नाही. चकती हाडाची निघाली तरी एक गोष्ट आईला आधी सांगा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तूही पुरावस्तूत धरता येतात आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. व्याख्येत ती भारतातच बनलेली हवी अशी अट नाही. उद्या रेडिंगला परत आणावंसं वाटलं तर आधी पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला मिळवावा लागेल, आणि टेबल १९०० चं असलं तरी शंभरी त्याने केव्हाच ओलांडलीय.