तुमचे प्रश्न : एका डॉलरची बॅटमोबाइल

प्रश्न : जुनी बॅटमॅन सिरीयल आठवत असेल, अ‍ॅडम वेस्टवाली, मारामारीत पडद्यावर मोठ्ठी अक्षरं यायची ती. त्यातली काळी गाडी, बॅटमोबाइल, फक्त तीन आठवड्यांत बनवली असं माझा मित्र म्हणतो, मी म्हणतो शक्यच नाही. पैज लागलीय. कोण बरोबर?

उत्तर : पैज तुम्ही हरलात, पण अर्धीच. तीन आठवडे लागले हे खरं, पण ते गाडी बनवायला नाही, गाडी बदलायला. मूळ गाडी दहा वर्षं आधीच तयार होती. लिंकन कंपनीने १९५५ मध्ये 'फ्युचुरा' नावाची एक शोकार, म्हणजे नुसती प्रदर्शनात मांडायची गाडी, काढली होती, बॉडी इटलीत तुरीनला घिआ कंपनीने हाताने ठोकून बनवली, आणि खर्च त्या काळातला अडीच लाख डॉलर सांगतात. मोत्यासारखा पांढरा रंग, डोक्यावर प्लॅस्टिकचे दोन पारदर्शक घुमट, मागे विमानासारखे पंख. प्रदर्शनं झाली, १९५९ च्या एका हॉलिवूड सिनेमात लाल रंग मारून चालवली, आणि मग सगळे विसरले. शेवटी ती आली जॉर्ज बॅरिसकडे, हे हॉलिवूडमध्ये गाड्या बदलून देणारे एकदम नावाजलेले कारागीर, आणि त्यांनी ती घेतली किती रुपयांना, चुकलो, डॉलरला? एक! एका डॉलरला. आणि घेऊन अंगणात ठेवून दिली.

आता घाईची गोष्ट. गाडीचं काम आधी डीन जेफ्रीज या दुसऱ्या कारागिराकडे होतं, त्यांनी १९५९ ची कॅडिलॅक कापायला घेतलीसुद्धा, पण चॅनलने सिरीयल अलीकडे ओढली, १२ जानेवारी १९६६ ला अमेरिकेतल्या एबीसी चॅनलवर सुरू करायची ठरली आणि जेफ्रीजना तेवढ्या वेळात जमणार नव्हतं. काम बॅरिसकडे आलं आणि त्यांना अंगणातली फ्युचुरा आठवली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की गाडी अर्धी वटवाघूळ आधीच होती, पंख तर होतेच, ते पुढे दारापर्यंत वाढवले आणि कडा वटवाघळासारख्या कापल्या, नाकाला मुखवट्याचा आकार दिला, झाकलेली चाकं उघडी केली, वरचे घुमट कापून पुढच्या काचा तेवढ्या ठेवल्या. पत्र्याचं बरंचसं काम बिल कुशनबेरी यांचं, पण त्यांचं नाव कोणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो. वरून चकचकीत काळा रंग आणि कडेला लाल पट्टी. बस. तेव्हा मित्राला सांगा की तीन आठवडे बरोबर आहेत, पण त्याआधीची दहा वर्षं कोण मोजणार, आणि पैजेचे अर्धेच पैसे द्या.

प्रश्न : त्यात खरंच टर्बाइन इंजिन होतं का? मागून आग निघायची ती?

उत्तर : छे! आत साधं लिंकनचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. जाळ नुसता दिखाव्याचा. तापायची, टायर फुटायचे, शोकारला रोजचं शूटिंग कुठून झेपणार? गुहेतून सुसाट बाहेर पडते ना, ती गुहा लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ब्रॉन्सन कॅन्यनला आहे आणि तोंड इतकं अरुंद की गाडी जपून काढावी लागायची. मग कॅमेरा कमी स्पीडवर चालवायचा, फिल्म नेहमीच्या स्पीडने दाखवली की पडद्यावर गाडी पळते. मागचे पॅराशूट मात्र खरे होते.

प्रश्न : मला ती विकत घ्यायचीय! निदान तशी बनवून घेऊन विकायचीय.

उत्तर : विकत घ्यायला तुम्हाला उशीर झालाय. बॅरिसनी ती जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःकडे ठेवली आणि जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलच्या लिलावात बोली ४२ लाख डॉलरवर थांबली, लिलाववाल्यांचं कमिशन धरून ४६.२ लाख. एका डॉलरवर एवढा नफा मी तरी दुसरा ऐकला नाही. बॅरिसनी स्वतः त्या गाडीवरून साचे काढून फायबरग्लासच्या हुबेहूब जोडगाड्या बनवल्या होत्या, प्रदर्शनात फिरवायला, पण ते बॅरिस.

तुम्ही बनवून विकायला गेलात तर वकील शोधून ठेवा. कॅलिफोर्नियात एकजण १९६६ च्या सिरीयलमधल्या आणि १९८९ च्या सिनेमातल्या बॅटमोबाइलच्या नकला बनवून साधारण नव्वद हजार डॉलरला विकायचा. बॅटमॅनचे हक्क असलेल्या डीसी कॉमिक्स कंपनीने केस केली, नकला बनवणाऱ्याचं म्हणणं की गाडी ही गाडी आहे, तिच्यावर कसला कॉपीराइट? २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की बॅटमोबाइल नुसती गाडी नाही, ते पात्र आहे, बॅटमॅनसारखंच, कारण रूप कितीही बदललं तरी ती वटवाघळासारखी दिसते, जोरात पळते, गुन्हेगारांच्या मागे लागते आणि बघितल्याबरोबर ओळखू येते. गंमत म्हणजे न्यायाधीश बाईंनी निकालात सिरीयलमधल्या बॅटमॅनचंच खाजगी मालमत्तेवरचं एक वाक्य टाकलं. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रकरण हातात घ्यायला नकार दिला आणि विषय तिथेच संपला. विकायच्या भानगडीत पडू नका.