लहानपणी नीट न जेवणाऱ्या मुलांना वयात आल्यावर स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड येतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अडीच वर्षांची आहे, दोन घास खाऊन तोंड फिरवते, सासूबाई मोबाइल दाखवून भरवतात आणि अशा मुली पुढे डाएटच्या नादी लागतात असं वाचल्यापासून तुम्हाला धसका बसलाय. मी डॉक्टर नाही, पण मी स्वतः तशीच मुलगी होते म्हणून लिहिते.

मी म्हणजे पाप्याचं पितर. घरी रोज दुपारी तोच तमाशा, एक घास काऊचा एक घास चिऊचा, ते संपलं की बागुलबुवा, आणि त्यानेही नाही भागलं की आजी नाक दाबायची (नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आमच्याकडे शब्दशः चालायची) आणि मी तो घास अर्धा तास गालात धरून बसायचे. आल्यागेल्याला आई सांगणार, हिच्या काही अंगालाच लागत नाही हो, की पाहुणे माझं मनगट दोन बोटांत धरून बघणार. त्यात चुलतभाऊ गुटगुटीत बाळ स्पर्धेत पहिला आलेला, त्याचा फोटो हॉलमध्ये! मग तेराव्या वर्षी पाळी आली, वर्षभरात अंग भरलं आणि तीच माणसं म्हणायला लागली, बास आता, तिसरी पोळी नको. मी शाळेचा डबा मैत्रिणींना वाटून टाकायचे आणि बाथरूममध्ये दार लावून स्वतःचं मनगट दोन बोटांत मावतंय का बघायचे.

त्यामुळे मला विचाराल तर कमी खाणं हा मुद्दाच नव्हता, माझ्या शरीरावर कुणीही शेरा मारू शकतं हे मी त्या ताटावर शिकले.

अभ्यासांमध्ये मात्र दोन्ही गोष्टी दिसतात, ताटावरची भांडणंही आणि कमी खाणंही. अमेरिकेत आठशेहून जास्त मुलांना १७ वर्षं फॉलो केलेला एक अभ्यास २००१ मध्ये आला, त्यात लहानपणी जेवणावरून होणारी भांडणं, ताटावरची रोजची कटकट यांचा नंतरच्या ॲनोरेक्सियाशी (वजन वाढेल या भीतीने खाणंच टाकण्याचा आजार) संबंध दिसला. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ ला जन्मलेल्या मुलांमध्ये, सतत कमी खात आलेल्या मुलींना १६ व्या वर्षी ॲनोरेक्सियाचा धोका जास्त होता, आणि सतत जास्त खाणाऱ्या मुलांमध्ये पुढे एकदम बकाबका खाण्याचं प्रमाण जास्त. पण संबंध दिसला म्हणजे तेच कारण असं नाही, आणि खायचे नखरे करणारी बहुतेक मुलं मोठी होऊन व्यवस्थित जेवतात, तेव्हा लगेच घाबरू नका.

अजून एक, पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, तीन किलोचं नऊ, आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, म्हणजे भूक कमी होणारच! नेमकं तेव्हाच घरात ओरड सुरू होते की आधी छान खायची, कुणाची दृष्ट लागली. एलिन सॅटर म्हणून अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत त्यांचा साधा नियम आहे, काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. मोबाइल मात्र बंद करा, स्क्रीनकडे बघत गिळताना पोट भरल्याचं तिला कळतच नाही.

वजन कमी होत असेल, ग्रोथ चार्टची रेषा खाली घसरत असेल, घास अडकून ठसका किंवा उलटी होत असेल, किंवा पाच-सहाच पदार्थ खाते आणि त्यातलेही एकेक सुटत चाललेत असं असेल तर मग थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यातल्या काही मुलांसाठी २०१३ पासून आरफिड (खाणं टाळण्याचा किंवा मोजकंच खाण्याचा विकार) असं वेगळं निदान आहे, तो हट्टीपणा नसतो.

सासूबाईंशी भांडू नका पण. माझ्या आजीची दोन भावंडं लहानपणीच गेली होती, तिला मुलाच्या गालाचं हाड दिसलं की झोप लागायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना एवढंच सांगा की पोरीच्या देखत किती वाळलीये म्हणायचं नाही, आणि दहा वर्षांनी किती सुटलीये असंही नाही. माझ्या मुलाच्या वेळी आईला हे सगळं समजावलं, तिने तीन दिवस पाळलं, चौथ्या दिवशी बघते तर वाटी घेऊन गच्चीवर त्याच्या मागे.