कंपनीच्या खर्चाने नागोया, घरच्या खर्चाने क्योटो : वाचकांचे प्रश्न

या वेळी जपानचे प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलले. बहुतेकांचं एकच, ऑफिसने तिकीट काढलंय, तर जोडून चार दिवस फिरून घ्यावं का आणि तिथे खायचं काय.

प्रश्न : नमस्कार, मी चाकणच्या ऑटो पार्ट्स कंपनीत आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोमवार ते शुक्रवार नागोयाजवळ कस्टमरच्या प्लांटला जायचंय. बायको म्हणते मी पण येते, म्हणून पुढचे पाच दिवस सुट्टी टाकतोय. टोकियो, फूजी, क्योटो, ओसाका, हिरोशिमा असं सगळं डोक्यात आहे. मी चिकन-मासे खातो, ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. दोघांना एका टेबलावर बसून जेवता येईल का, की मी बाहेर आणि ती हॉटेलवर ठेपले खात? बजेट मध्यम. — चिंचवडहून एक वाचक

उत्तर : आधी ती यादी निम्मी करा. पाच दिवसांत पाच शहरं म्हणजे बॅगा उचलायच्या, ठेवायच्या, परत उचलायच्या, आणि तुम्ही आधीच पाच दिवस प्लांटमध्ये उभं राहून थकलेले असणार. तुम्हाला फुकटात मिळालंय ते नागोया, आणि लोक नागोयाला नावं ठेवतात (स्वतः नागोयावालेसुद्धा ठेवतात), पण जागा मोक्याची आहे. क्योटो तिथून नोझोमी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पस्तीस-चाळीस मिनिटं, टोकियो उलट्या दिशेला पावणेदोन तास. माझं स्पष्ट मत, या खेपेला टोकियो सोडा. फूजीही त्याच बाजूला आहे, त्यामुळे तोही गेला. घरी कोणी तरी म्हणेलच जपानला जाऊन टोकियो नाही पाहिलं, म्हणू दे.

कागदपत्रांचं आत्ताच बघा, तिथेच लोक अडकतात. तुमचा बिझनेस व्हिसा, त्यासाठी जपानची कंपनी इन्व्हिटेशन लेटर आणि दिवसावार शेड्यूल देते, त्या शेड्यूलमध्ये पुढचे पाच फिरायचे दिवस हॉटेलसकट लिहून घ्या. मीटिंग करायला आलेल्याने नंतर देवळं पाहिली तर कोणाची हरकत नसते, फक्त कागदावर एक आणि तिकिटावर भलतंच असं नको. वहिनींचा अर्ज वेगळा, टुरिस्टचा. आणि तुमच्या एचआरला मेलवर विचारून ठेवा की कंपनीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स सुट्टीच्या दिवसांना चालतो का, नसेल तर तेवढ्या दिवसांचा स्वतःचा घ्या. ट्रॅव्हल डेस्क ऐकणारं असेल तर जाताना नागोया आणि परतताना ओसाकाचं कानसाई असं तिकीट मागा, क्योटोहून कानसाईला थेट ट्रेन आहे, उलटं नागोयाला यायचा फेरा वाचतो.

हॉटेलचं एक. कंपनी जे बिझनेस हॉटेल देते त्यातली खोली एवढीशी असते की मोठी बॅग उघडली तर चालायला जागा नाही, आणि तिकडे भाडं माणशी धरतात. एकाच्या बुकिंगवर दोघं गुपचूप राहणं तिथे चालत नाही. आधी कळवून दोघांची खोली करून घ्या आणि फरक स्वतः भरा, बिलही वेगळं घ्या म्हणजे अकाउंट्सवाल्यांशी नंतर वाद नको.

आता ते पाच दिवस तुम्ही प्लांटमध्ये आणि वहिनी एकट्या, त्याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच नाही! तर त्यांच्यासाठी. इनुयामाचा किल्ला, मेइतेत्सु रेल्वेने अर्ध्या तासावर, १५३७ सालचा, किसो नदीच्या काठावर टेकडीवर, लाकडी आणि खराखुरा जुना. आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, चपला काढून चढायचे, तेव्हा साडी नको. नागोयाचा किल्ला मात्र १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, नंतर १९५९ला काँक्रीटचा बांधला आणि आता भूकंपाच्या भीतीने तो बुरूज २०१८पासून बंदच आहे, पण शेजारचा होनमारू राजवाडा लाकडात पुन्हा बांधलाय, त्यातली सोनेरी भित्तिचित्रं बघत दोन तास सहज जातात. टोयोटाचं इंडस्ट्री म्युझियम तुम्ही सोबत असताना ठेवा, जुन्या कापड गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत आहे, टोयोटा आधी हातमाग-यंत्रमाग करायची हे माग चालू करून दाखवतात. तुमच्यासारख्याला तिथून ओढून बाहेर काढावं लागेल. सोमवारी बंद असतं.

शनिवार-रविवारी क्योटोला जाऊ नका. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे लाल पानांचा सीझन, अख्खा जपान त्या वीकेंडला क्योटोत असतो आणि हॉटेलचे दर बघून डोळे पांढरे होतात. सुट्टीचे दोन दिवस नागोयाकडेच काढा. टोयोटा शहराच्या हद्दीत कोरांकेई म्हणून दरी आहे, मेपलची हजारो झाडं, रात्री दिवे लावतात, कस्टमरकडच्या लोकांना विचारा, सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी, तुम्ही सह्याद्रीत थोडंफार चढणारे असाल तर मागोमे ते त्सुमागो चाला. जुन्या काळच्या क्योटो-एदो (म्हणजे आजचं टोकियो) रस्त्याचा आठेक किलोमीटरचा तुकडा आहे, दोन्ही टोकांना लाकडी घरांची गावं, मधे जंगल, आणि वाटेत अस्वलं लांब राहावीत म्हणून घंटा टांगल्यात त्या वाजवत जायचं. नागोयाहून ट्रेनने नाकात्सुगावा, तिथून बस.

मग सोमवारी क्योटो, तीन रात्री. फुशिमी इनारी देऊळ रात्रंदिवस उघडं असतं आणि फुकट आहे, सकाळी सातला पोचा, दहानंतर त्या लाल कमानींखाली फक्त माणसांची डोकी दिसतात. एक दिवस नाराला, पाऊण तास. आणि पुणेकर आहात म्हणून सांगते, एक दिवस ओकायामाला द्या, क्योटोहून तासाभरावर. सिंहगड रोडवरची आपली पु. ल. देशपांडे बाग तिथल्या कोराकुएनवरून केलीय, ते मूळ १७०० साली पूर्ण झालेलं. आपली बाग पाहिलेल्याला ते बघताना जास्त मजा येते, कुठे काय उचललंय ते ओळखता येतं. हिरोशिमा त्याच लाइनीवर पुढे आहे पण ते घाईत उरकायचं ठिकाण नव्हे.

जेआर पास, म्हणजे परदेशी पर्यटकांसाठीचा रेल्वेचा पास, घेऊ नका. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांच्या पासचे २९,६५०चे ५०,००० येन झाले. तुमचा प्रवास सुट्या तिकिटांत त्याहून बराच स्वस्तात होईल, नागोया-क्योटो साधारण सहा हजार येन. लोकलसाठी आयसी कार्ड (पैसे भरून टेकवायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि सेव्हन इलेव्हनच्या एटीएममधून पैसे काढा, आपली कार्डं चालतात. मोठी बॅग नागोयाच्या हॉटेलमधूनच कुरिअरने क्योटोच्या हॉटेलला पाठवा, दुसऱ्या दिवशी पोचते, शिंकान्सेनमध्ये लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठ्या बॅगेची जागा असलेली सीट आधी बुक करावी लागते.

राहिलं जेवण. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. सुक्या माशाच्या किसाचा तो अर्क सुपात, नूडल्समध्ये, भाजीच्या रश्शात, सोबा नावाच्या नूडल्सबरोबरच्या गार सॉसमध्ये, सगळीकडे असतो आणि तिथल्या माणसाला तो मांसाहार वाटतच नाही. "व्हेजिटेरियन" म्हटलं की वेटर हसून मान हलवतो आणि वर माशाचा कीस भुरभुरवून आणतो. म्हणून फोनवर जपानीत लिहूनच ठेवा : मांस, मासे, अंडी, माशाची दाशी नको, कोंबूची म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी चालेल. रस्त्यात उपाशी राहू नये म्हणून कोको इचिबान्याची करी, ही साखळी मूळची नागोयाकडचीच, बऱ्याच शाखांत वेगळी व्हेजिटेरियन करी मिळते. नेहमीच्या करीत मांस असतं, तेव्हा मेनूवर बोट ठेवून मागा, तुम्ही तुमच्या प्लेटवर चिकन कटलेट घ्या, झालं एक टेबल.

नागोयात सकाळी हॉटेलचा नाश्ता सोडून कॉफी शॉपमध्ये जा. कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं वर फुकट, अकरापर्यंत. अंडं तुम्ही खा. वहिनींनी ओगुरा टोस्ट मागायचा, लोण्यावर लाल बियांचं गोड सारण, पुरण ब्रेडवर थापल्यासारखं लागतं. मागोमेला भाताचे गोहेइमोची, अक्रोड आणि मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) लेप लावून भाजलेले. आणि क्योटोत एक जेवण नीट, खर्च करून करा. अराशियामाला तेनर्यूजी देवळाच्या आवारात शिगेत्सु म्हणून आहे, बौद्ध साधूंच्या पद्धतीचं शोजिन र्‍योरी, मांस-मासे-अंडी नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. दुपारचंच असतं, आधी बुकिंग करा. लहान लहान वाट्यांत तीळ-टोफू, कोंबू, त्या ऋतूच्या भाज्या. तुम्हाला चिकनची आठवण येणार नाही असं मी म्हणत नाही, पण तिथे पहिल्यांदा तुम्ही त्यांच्या पानातलं जेवाल, एरवी सगळा प्रवास त्या तुमच्या मेनूत स्वतःचं शोधत असतील. तुमची उनागी (ईल मासा), ती नागोयाची हित्सुमाबुशी, एकाच भातावर तीन प्रकारे खायची, ती ऑफिसच्या दिवसांत दुपारी उरका.

प्रश्न : आमच्या जपानी क्लायंटने शुक्रवारी डिनर ठेवलंय. मी दारू पीत नाही. मिसेस सोबत असतील, त्यांना नेलं तर चालेल ना? — नाशिक

उत्तर : त्यांनी आपणहून नाव घेतलं तर न्या, नाही तर विचारूही नका. तिकडे ऑफिसचं जेवण ऑफिसच्या लोकांचंच असतं, त्यांच्याही बायका येत नाहीत, आणि तुम्ही विचारलंत तर नाही म्हणणं त्यांना जड जाईल. दारूचं टेन्शन घेऊ नका, उलाँग चहा मागा, कोणी आग्रह करत नाही हल्ली. फक्त सगळ्यांचे ग्लास येऊन "कानपाई" (चिअर्स) होईपर्यंत घोट घेऊ नका, आणि स्वतःचा ग्लास स्वतः भरू नका, शेजाऱ्याचा भरा, तो तुमचा भरेल. न मागता एक छोटी वाटी येते तिचे तीन-चारशे येन बिलात लागतात, ती फसवणूक नाही, पद्धत आहे. टिप ठेवू नका, माणूस पैसे परत द्यायला मागे पळत येईल. पथ्य असेल तर दोन दिवस आधी मेल करा, जागेवर सांगितलंत तर यजमानाचा चेहरा पडतो. जेवणानंतर दुसऱ्या ठिकाणी प्यायला चला म्हणतील, तेव्हा मिसेस हॉटेलवर वाट बघतायत हे कारण सगळ्यांना पटतं.

प्रश्न : टोकियोला तीन दिवस कॉन्फरन्स, एकटीच आहे, रोज सहाला सुटणार. सुट्टी मिळत नाही. मग काय बघायचं? — कोल्हापूर

उत्तर : बरंच काही. शिंजुकुला सरकारी कचेरीच्या ४५व्या मजल्यावरून शहर फुकट बघता येतं, संध्याकाळीही. आसाकुसाचं सेन्सोजी रात्री जा, गाभारा बंद असतो पण दिवे लागलेले असतात आणि गर्दी गायब. जेवायला एकट्या बाईने जायला टोकियोइतकी सोपी जागा नसेल, काउंटरवर एकेकट्यांच्याच खुर्च्या, कोणी ढुंकून बघत नाही. शाकाहारी असाल तर टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज टानटानमध्ये पूर्ण व्हेगन रामेन मिळतो. डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या खाण्याच्या दुकानांत बंद व्हायच्या आधी डबे स्वस्त करतात. वरण-भाताची आठवण फारच झाली तर निशी-कासाई, तिथे भारतीय वस्ती आहे, त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९मध्ये आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

प्रश्न : मेच्या पहिल्या आठवड्यात ऑफिससाठी जातोय. साहेबांना हापूसची पेटी नेऊ का? — रत्नागिरी

उत्तर : नाही! जपानने आपल्या आंब्यावरची बंदी २००६ला उठवली ती वाफेची प्रक्रिया आणि तपासणी करून येणाऱ्या मालासाठी, बॅगेतल्या पेटीला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागतं, नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. बाकरवडी न्या, पण छोट्या छोट्या पाकिटांतली, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येते. आणि तारखा एकदा परत विचारून घ्या, मेचा पहिला आठवडा म्हणजे गोल्डन वीक, साहेबच सुट्टीवर असायचे.